डझनाचा भाव बिलिंगमधे नीट कसा बसवायचा

डझनाचा भाव तोंडी सांगायला काहीच लागत नाही. गिऱ्हाईक विचारतं "डझन घेतल्यावर किती लावाल", आपण म्हणतो "पन्नासनी देतो", ते डोकं हलवतं, झालं. तोच भाव बिलिंग सॉफ्टवेअरमधे बसवायला गेलं की मात्र कळतं की आपण तोंडी जे बोलतो त्यात चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि मशीन त्यातलं काहीच गृहीत धरत नाही.

आमचं स्टेशनरीचं दुकान आहे, शाळा सुरू व्हायच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे वर्षभराचा धंदा. एका वर्षी मी सॉफ्टवेअरमधे डझनाचा रेट घातला, दुकानाबाहेर पाटी लावली "वह्या डझन ६००", आणि पहिल्याच संध्याकाळी एक ताई बारा वह्या घेऊन काउंटरला आल्या, सहा एकरेघी, चार चौकटीच्या, दोन चाररेघी. बिल आलं ६४२. त्या म्हणाल्या पाटीवर सहाशे लिहिलंय, आणि त्यांचं बरोबरच होतं. मशीनने प्रत्येक प्रकार वेगळा मोजला होता, सहाला सहाचा रेट लावला आणि बाकीच्या चार न् दोनला सुटा. मी ४२ रुपये हाताने कमी केले आणि मग पुढचे आठ दिवस दर तिसऱ्या बिलात हाताने रेट बदलत बसलो, महिनाअखेरीला कुठल्या वहीवर काय सुटलं ते काढताच येईना. तेव्हापासून मी हे सगळं आधी कागदावर करतो, मग कॉम्प्युटरवर. तुम्हीही तसंच करा, खरंच सांगतो, कागदाची पायरी गाळू नका.

आधी हे ठरवा की "डझनला कमी" म्हणजे तुमच्या दुकानात नक्की काय. याचे तीन वेगळे अर्थ होतात आणि तिन्हींचं सेटिंग वेगळं असतं.

पहिला अर्थ, बारा झाले की बाराच्या बारा नगांना कमी रेट. आपल्याकडे बहुतेक दुकानात हाच चालतो, गिऱ्हाइकाच्या डोक्यातही हाच असतो.

दुसरा, वीजबिलासारखा. पहिली १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, त्याच्यापुढे तिसऱ्या. म्हणजे बारावा नग स्वस्त, पण आधीचे अकरा जुन्याच रेटने. दुकानदाराला हा जास्त सुरक्षित वाटतो, पण काउंटरवर समजावून सांगायला फार अवघड, "मग डझनचे किती" याला एका आकड्यात उत्तर देताच येत नाही. किरकोळ दुकानात मी हा वापरू नका म्हणेन. घाऊकमधे, जिथे समोरचा पण हिशोबाचा माणूस आहे, तिथे चालतो.

तिसरा म्हणजे जोडीचा भाव, "तीन घ्या शंभरला". यात रेट खाली येत नाही, तीनचा एक गठ्ठा होतो आणि त्या गठ्ठ्याला किंमत असते. चौथा घेतला तर तो सुट्या भावाने. याची गंमत राउंडिंगमधे आहे, ती खाली सांगतो.

आता कागद पेन घ्या. मी आमच्याच पद्धतीचं उदाहरण घेतो, आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून निवडलेत. वहीची एमआरपी ६०. आपल्याला पडते ४१ ला, भाडं हमाली धरून. सुटी विकतो ५५ ला. सहा घेतल्या तर ५२. बारा घेतल्या तर, समजा, ४८.

दिसायला चांगलं दिसतं. आता सीमेवरचा हिशोब करा, म्हणजे रेट जिथे बदलतो त्याच्या एक अलीकडे आणि तिथे.

अकरा वह्या ५२ ने, ५७२ रुपये. बारा वह्या ४८ ने, ५७६ रुपये. म्हणजे बारावी वही आपण चार रुपयाला दिली. गिऱ्हाईक खूष. आपलं काय झालं? अकरा विकल्यावर सुटत होते वहीमागे ११, एकूण १२१. बारा विकल्यावर सुटतात वहीमागे ७, एकूण ८४. एक वही जास्त विकली आणि ३७ रुपये कमी सुटले. आणि हे बारापुरतं नाहीये, सात रुपयांच्या हिशोबाने १२१ च्या पुढे जायला १८ वह्या विकाव्या लागतात. म्हणजे बारा ते सतरा या सगळ्या आकड्यांना आपण अकरा विकणाऱ्यापेक्षा कमी कमावतोय, आणि शाळेच्या सीझनला बहुतेक गिऱ्हाइकं नेमकी याच आकड्यात असतात, एका पोराला एक डझन.

तोच डझनाचा रेट ४८ ऐवजी ५० ठेवला तर? बाराचे ६००, सुटतात १०८. चौदाला १२६ होऊन आपण अकराच्या पुढे जातो. खड्डा फक्त बारा आणि तेराचा राहिला. "डझन सहाशे" हे सांगायलाही सोपं, पाटीवर पण छान दिसतं. म्हणून आम्ही ५० वर आलो.

आता उलटा प्रकार बघा. कोणी ४६ ठेवला असता तर बारा वह्या ५५२ ला गेल्या असत्या आणि अकरा ५७२ ला. म्हणजे अकरा घेणारा बारा घेणाऱ्यापेक्षा जास्त पैसे देतोय. असं बिल एखाद्या गिऱ्हाइकाने घरी जाऊन बघितलं ना, तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो आणि का गेला ते आपल्याला सांगत पण नाही.

हे होऊ नये म्हणून एक सोपा ठोकताळा आहे. मागच्या टप्प्याचा रेट घ्या, त्याला नव्या टप्प्याच्या नगसंख्येने भागा. जे येईल त्यापेक्षा जास्त रुपये रेट खाली आणला की उलटापालट होते. ५२ भागिले १२ म्हणजे ४ रुपये ३३ पैसे, म्हणून ४८ पर्यंत चाललं आणि ४६ ला फिसकटलं. आता हाच ठोकताळा मोठ्या आकड्याला लावा. सहा डझन घेणाऱ्या क्लासवाल्यांना ५० वरून ४८ करायचंय, ५० भागिले ७२ म्हणजे जेमतेम ६९ पैसे. दोन रुपये खाली आणले तर ७२ वह्या ३४५६ ला जातात आणि ७१ वह्या ३५५०. मोठ्या टप्प्याला ही उलटापालट जवळजवळ टळतच नाही, कारण ६९ पैशाची सूट कोणाला दाखवणार. तिथे मग माणसानेच काम करायचं, काउंटरवरच्या मुलाला सांगून ठेवायचं की कोणी ७० किंवा ७१ मागितल्या तर बिल करू नको, आधी सांग की ७२ घ्या, कमी पैशात एक-दोन वह्या जास्त येतायत. सांगितलं की गिऱ्हाइकाला आपलेपणा वाटतो. नाही सांगितलं आणि त्याला नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं. रेट तेच, फरक फक्त एका वाक्याचा.

कागदावरचं पक्कं झालं की कॉम्प्युटरकडे वळा. मी टॅलीप्राइम, ईआरपीनेक्स्ट आणि ओडू या तीन सॉफ्टवेअरमधे हे बसवलंय, तिन्हींच्या खोड्या वेगळ्या आहेत.

टॅलीप्राइममधे आधी एफ११ दाबून कंपनी फीचर्समधे मल्टिपल प्राइस लेव्हल्स यस करायचं. मग लेव्हलची नावं द्यायची, आमच्याकडे किरकोळ आणि शाळा-क्लास अशा दोन आहेत. मग प्राइस लिस्ट उघडायची, लेव्हल निवडायची, कधीपासून लागू ती तारीख घालायची आणि आयटमसमोर टप्पे भरायचे. इथे रकाने असतात फ्रॉम आणि लेस दॅन. लेस दॅन म्हणजे त्याच्यापेक्षा कमी, तो आकडा धरून नाही. सहाचा टप्पा अकरापर्यंत आहे म्हणून तिथे बरेच जण ११ भरतात आणि मग अकरा वह्यांना सहाचा रेट लागत नाही. सहा ते लेस दॅन बारा, असंच भरायचं. शेवटच्या टप्प्याला लेस दॅन रिकामं सोडायचं. रेटच्या शेजारी डिस्काउंट टक्क्यांचा रकाना पण असतो, दोन्ही भरू नका, रेट तरी घाला नाहीतर मूळ रेट ठेवून टक्के. दोन्ही भरले तर ५० वर अजून टक्के कापले जातात. आणि टॅली त्या ओळीवर किती नग टाकले ते बघून रेट उचलतो, सगळं बिल मिळून किती वह्या झाल्या ते बघत नाही, हे लक्षात ठेवा.

ईआरपीनेक्स्टमधे प्राइसिंग रूल नावाची गोष्ट आहे. नवा रूल करायचा, आयटम निवडायचा, सेलिंगवर टिक, मिनिमम क्वांटिटी ६, मॅक्सिमम ११, आणि रेट ५२. दुसरा रूल मिनिमम १२, मॅक्सिमम ७१, रेट ५०. तिसरा मिनिमम ७२, रेट ४८, मॅक्सिमम शून्य ठेवलं की वरची मर्यादा नाही असं धरलं जातं. इथे टॅलीच्या उलट आहे, मॅक्सिमममधे घातलेला आकडा टप्प्यात धरला जातो, म्हणून ११ च घालायचं. एकेक रूल करायचा कंटाळा आला तर प्रमोशनल स्कीम म्हणून आहे, त्यात सगळे टप्पे एकाच तक्त्यात भरता येतात आणि तो आतल्या आत रूल बनवून देतो. एवढं सगळं करून काउंटरवर रेट उतरतच नसेल तर पीओएस (म्हणजे काउंटरवरचं बिलिंग) प्रोफाइल उघडून बघा, तिथे इग्नोर प्राइसिंग रूल असा एक टिकमार्क असतो. तो चुकून लागलेला असला की रूल बरोबर असूनही काहीच होत नाही, मी यात अख्खी दुपार घालवली आहे.

ओडूमधे सेटिंगमधून प्राइसलिस्ट चालू करायची, प्राइसलिस्टमधे वहीच्या तीन ओळी घालायच्या, मिनिमम क्वांटिटी ६, १२, ७२ आणि समोर किंमत. वरची मर्यादा घालावी लागत नाही, बाराला पोचलं की सहाची ओळ आपोआप मागे पडते. पण ती प्राइसलिस्ट त्या काउंटरच्या पीओएस सेटिंगमधे पण जोडावी लागते, नुसती बनवून ठेवली तर तिथे दिसत नाही. शिवाय मिनिमम क्वांटिटी आयटमच्या मूळ युनिटमधे मोजतात. मूळ युनिट डझन ठेवलं असेल आणि तुम्ही १२ लिहिलंत तर बारा डझनाशिवाय रेट उतरणार नाही. वर्जनप्रमाणे मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतात, गोंधळू नका.

तुमच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी याच गोष्टी शोधायच्या, टप्प्याची वरची मर्यादा धरून की सोडून, मोजणी ओळीवर की बिलावर, आणि कुठल्या युनिटमधे.

वरची मर्यादा धरून की सोडून हे नगाला तितकं चावत नाही, वजनाला फार चावतं. किराणावाल्यांनी हे नीट वाचा. साखरेला "१ ते ५ किलो एक रेट, ६ ते १० दुसरा" असं भरलं आणि कोणी साडेपाच किलो घेतली तर ती कुठल्याच टप्प्यात बसत नाही, मशीन मूळ रेट लावतं, म्हणजे कदाचित थेट एमआरपी किंवा कार्डावरचा जुना भाव. नगात पाच आणि सहाच्या मधे काही नसतं, वजनात असतं. सुट्या मालाला टप्पा नेहमी "५ पेक्षा कमी" आणि "५ पासून पुढे" असा लावायचा, मधे फट ठेवायची नाही. जिथे सॉफ्टवेअर वरचा आकडा धरूनच मोजतं तिथे ४.९९९ लिहा, काटा तीन दशांशापर्यंत दाखवतो तेवढं पुरतं.

आता त्या ताईंच्या बिलाकडे परत येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त भांडणं यातच होतात. मिसळ डझन. एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटीची, प्रत्येकाचा बारकोड वेगळा, आयटम वेगळा, पण आईबापांच्या दृष्टीने ती वहीच आहे आणि डझन म्हणजे एकूण बारा. तुमची पाटी जर "वह्या डझन ६००" म्हणत असेल तर मशीनला पण एकूण मोजायला लावणं तुमचं काम आहे. ईआरपीनेक्स्टमधे रूल आयटमवर न लावता आयटम ग्रुपवर लावायचा आणि मिक्स्ड कंडिशन्सवर टिक करायची, मग ग्रुपमधल्या सगळ्या वह्या मिळून मोजल्या जातात. ओडूमधे कॅटेगरीवर प्राइसलिस्ट लावली तरी मोजणी ओळीवरच होते, त्यासाठी डिस्काउंट अँड लॉयल्टीमधला प्रोग्रॅम वापरावा लागतो. जिथे हे होतच नाही तिथे दोन मार्ग उरतात. ज्या वह्यांची एमआरपी, पडता भाव सगळं सारखंच आहे त्यांचा एकच आयटम करायचा आणि रेघांचा प्रकार नुसता नावात किंवा बॅचमधे ठेवायचा, पण मग कुठली संपत आली ते स्टॉकमधे नीट कळत नाही. नाहीतर पाटी बदलायची, "एका प्रकारच्या डझनला ६००". दुसरा मार्ग मला आवडत नाही, पण पाटी एक आणि बिल दुसरं यापेक्षा बरा.

ग्रुप करताना एक काळजी घ्या, ग्रुपमधे फक्त एकाच भावाच्या वह्या असाव्यात. साठ एमआरपीची आणि शंभर एमआरपीची जाड वही एका ग्रुपमधे राहिली आणि रूल ५० रुपये रेटचा असेल तर ती जाड वही पण ५० ला जाईल. हे कळायला आठवडा लागतो, कारण गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

स्कॅनिंगचं पण बघून घ्या. बारा वह्या एकेक करून स्कॅन केल्या तर काही सॉफ्टवेअर एकाच ओळीवर नग वाढवत नेतात, काही बारा वेगळ्या ओळी पाडतात. बारा ओळी पडल्या तर प्रत्येक ओळीवर एक नग, मग टप्पा लागणार कुठून. सेटिंगमधे सारखे आयटम एकत्र करायचा पर्याय असतो तो चालू करा, नसेल तर काउंटरवर सवय लावा, एकदा स्कॅन आणि मग नग टाइप.

पेनचा डबा ही तिसरी तऱ्हा. डब्यावरचा बारकोड वेगळा, पेनावरचा वेगळा. डबा वेगळा आयटम म्हणून घेतलेला असेल तर कोणी एक डबा आणि पाच सुटे पेन घेतले की मशीनला ते एकत्र मोजता येत नाहीत, आणि डबा फोडून सुटे विकले की स्टॉक डब्यात शिल्लक दाखवतो आणि पेनात वजा. मूळ युनिट नग ठेवा, डबा हे त्याचंच मोठं युनिट करा, एक डबा बरोबर २० नग किंवा जे असेल ते, आणि डब्याचा बारकोड त्या युनिटला जोडा. घाऊक बाजारात, पुण्याच्या बोहरी आळीत वगैरे, पेन पेन्सिलीचा भाव ग्रोसवर पण सांगतात, एक ग्रोस म्हणजे १४४ नग, बारा डझन. खरेदी ग्रोसने टाकायची सोय ठेवली तर पडता भाव आपोआप नगावर येतो आणि तो हाताने भागाकार करताना होणाऱ्या चुका वाचतात.

आता "तीन शंभरला" चं. सुटा भाव ३५ धरू. तीनचा रेट म्हणून ३३.३३ भरला तर बिल येतं ९९.९९, आणि चार घेतले तर चौथा पण ३३.३३ ला जातो, जे तुम्ही कधीच म्हणाला नव्हता. इथे रेट लावायचाच नाही. मूळ रेट ३५ ठेवायचा आणि दर तीन नगांमागे ५ रुपये सूट असा रूल लावायचा. तीनचे १००, चारचे १३५, सहाचे २००. सॉफ्टवेअरमधे "दर इतक्या नगांमागे" असा पर्याय आहे का ते शोधा. नसला तर तिथे पाटीच "तीन घेतल्यास ३३ ला एक" अशी करा, एक रुपया आपला गेला तर गेला, हिशोब सरळ राहतो.

"डझनवर एक फ्री" असेल तर तेरावी वही बिलावर शून्य रेटने आलीच पाहिजे, नुसती पिशवीत टाकायची नाही, नाहीतर स्टॉक कधीच जुळणार नाही. जीएसटीच्या दृष्टीने याला फुकट दिलेला माल समजत नाहीत, एका किमतीला दोन वस्तू असं धरतात, मार्च २०१९ च्या सर्क्युलरमधे हे स्पष्ट केलेलं आहे.

जीएसटीचा विषय निघालाच आहे तर. बिल करतानाच दिलेली आणि बिलावर दिसणारी सूट करपात्र किमतीतून वजा होते, कलम १५ मधे तसं आहे, म्हणून टप्प्याचा भाव हा बिलावरच उतरलेला सगळ्यात सरळ. माल गेल्यावर महिनाअखेरीला "तुम्ही एकूण इतके घेतले म्हणून इतके परत" ही वेगळी भानगड आहे, ती करायची असेल तर आधी तुमच्या सीएंना विचारा. काउंटरवर बघायचं ते एवढंच की प्राइस लिस्टमधला रेट टॅक्स धरून आहे की सोडून. वह्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून शून्य झाला, त्यामुळे वहीला ही चूक झाली तरी दिसत नाही. पेनवर १८ टक्के आहे. दहा एमआरपीच्या पेनाला १० रेट घातला आणि लिस्ट टॅक्स सोडून अशी सेट असेल तर बिल येईल ११ रुपये ८० पैसे, म्हणजे एमआरपीच्या वर, आणि एमआरपीच्या वर विकणं हा वैधमापन कायद्याने गुन्हा आहे. वह्या बघून "सगळं बरोबर येतंय" म्हणू नका, टॅक्सवाला एक आयटम तपासाच. वह्या आणि पेन मिळून एकच "शाळा सेट" ठराविक किमतीला देत असाल तर जीएसटीत तो मिक्स्ड सप्लाय धरतात आणि सगळ्या सेटवर त्यातला जास्तीचा दर, म्हणजे पेनाचा, लागतो, म्हणून आधी सीएंना विचारा, सगळी सूट पेनावर ढकलून टॅक्स कमी दाखवायचा मोह नको.

सवलतीवर सवलत हा अजून एक फटका. डझनाचा रेट ५०, वरून कोणाला मेंबर म्हणून ५ टक्के, झाले ४७.५०. सहा डझनाच्या ४८ वर तेच ५ टक्के म्हणजे ४५.६०, पडते ४१ ला, वहीमागे राहिले ४ रुपये ६० पैसे, त्यात दुकानाचं भाडं, लाइट, पोराचा पगार. टप्प्याचा रेट लागला की बाकीची सूट लागू नये असं सेट करता येतं का ते बघा. ईआरपीनेक्स्टमधे दोन रूल एकाच वेळी लागू होत असतील तर प्रायॉरिटी द्यावी लागते, ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो. टप्प्याला मोठा आकडा द्या.

परतीचं पण आजच ठरवून ठेवा, गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही. बारा वह्या ६०० ला नेल्या, आठ दिवसांनी तीन परत आणल्या कारण शाळेने वेगळ्या रेघांच्या सांगितल्या. पन्नासप्रमाणे १५० परत दिले तर त्यांच्याकडे नऊ वह्या ४५० ला राहिल्या, नऊचा रेट ५२ आहे, म्हणजे ४६८ व्हायला हवे होते. काटेकोर हिशोबाने परत द्यायचे १३२. पण आपलं सॉफ्टवेअर परतीचं बिल मूळ बिलाच्या रेटनेच करतं, म्हणजे १५०. आम्ही असं ठेवलंय, बदलून घ्यायच्या असतील तर वहीला वही, काही विचारत नाही, कारण चूक बहुतेक वेळा शाळेच्या यादीची असते आणि आईबाप आधीच दमलेले असतात. पैसे परत हवे असतील तर उरलेल्या नगांच्या रेटने. हे बिलाच्या तळाशी दोन ओळीत छापलेलं आहे, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात.

सगळं भरून झालं की खरं बिल करायच्या आधी चाचणी. कागदावर आधी उत्तरं लिहा, मग मशीनचं बघा, उलटं करू नका, नाहीतर मशीन म्हणेल ते बरोबर वाटायला लागतं. आमच्या वहीसाठी मी हे आकडे टाकतो:

१ वही, ५५
५ वह्या, २७५
६ वह्या, ३१२
११ वह्या, ५७२
१२ वह्या, ६००
७१ वह्या, ३५५०
७२ वह्या, ३४५६

मग मिसळ डझन, सहा चार दोन, ६०० आलं पाहिजे. मग बारा टाकून एक वही काढून टाका, रेट परत ५२ वर जातो का बघा, काही ठिकाणी खाली आलेला रेट तिथेच चिकटून राहतो आणि गिऱ्हाईक अकरा वह्या ५० ने घेऊन जातं. मग एकेक स्कॅन करून बारा. मग डबा आणि सुटे पेन. मग एक परतीचं बिल. दोन काउंटर असतील तर दोन्हीवर करा, दुसऱ्या मशीनवर सकाळपासून उघडं असलेलं सेशन जुनीच लिस्ट धरून बसलेलं असतं, ते बंद करून परत उघडावं लागतं.

काउंटरवरच्या मुलांना रेट हाताने बदलायचा हक्क ठेवायचा की नाही यावर मतं वेगळी आहेत. मी पहिले चार दिवस ठेवतो, कारण काहीतरी चुकलेलं असतंच आणि गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नसतं, पण हाताने बदललेल्या प्रत्येक बिलाचा नंबर त्यांनी वहीत लिहायचा. रात्री ते नंबर बघितले की कुठला टप्पा चुकलाय ते लगेच कळतं. पाचव्या दिवशी हक्क काढून घेतो.

आणि सीझनच्या लिस्टला शेवटची तारीख घालायला विसरू नका. जूनचे रेट दिवाळीत चालू राहिले तर मधल्या काळात वहीचा खरेदीभाव वाढलेला असतो, ४१ ची ४५ झालेली असते, आणि ४८ ने सहा डझन देताना वहीमागे तीन रुपये सुटतायत हे कोणाच्या लक्षात येत नाही. टॅलीत नवी तारीख घालून नवी लिस्ट करा, जुनी तशीच राहते, मागचं बिल काढून बघता येतं. आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात बसतो, प्रत्येक बिलात किती वह्या गेल्या तो रिपोर्ट काढतो आणि नऊ, दहा, अकराची किती बिलं झाली आणि बाराची किती ते मोजतो. दहा-अकराची बिलं खूप असतील तर काउंटरवर कोणी डझनाचा भाव सांगतच नाहीये असं समजायचं आणि पाटी दरवाज्यावरून काढून वह्यांच्या रॅकवर लावायची.